मशीनचं कुंकू

माहेर माझं जनवाडा, बिदरजवळचं, मेंढरं राखणाऱ्याची मी लेक, शाळेचं तोंड बगितलं न्हाई. रझाकारांचा दंगा निवल्यावर लगीन झालं, नवरा फिरत्या टाकीजच्या तंबूत मशीन चालवायचा, आज औराद तर उद्या भालकी, सगळा संसार गाडीवर. मी भाकरी थापायची, मग रिळं गुंडाळायची, आन् काय सांगू तुमाला, बगून बगून मशीनच शिकले. त्यो हसून सांगायचा, फिल्मच्या कडंला आवाजाची पट्टी आसती, तिच्यातनं दिव्याचा उजेड जातो, पलीकडं काचंचा एक डोळा हाय, त्याला जे दिसतं त्याचा आवाज आम्प्लीफायर मोठा करतो आन् भोंग्यात सोडतो. येवढंच हाय गं, म्हणायचा.

त्यानं काविळीनं आंथरूण धरलं तवा मशीन मीच चालवलं. टाकीजचे मालक नाक मुरडायचे, पर दुसरा माणूस आणतील कुठून? मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात हत्याराची पूजा, मेंढराची कातर आसू दे न्हाई तर मशीन. मालक स्वता बसले, तेलात कालवलेलं कुंकू, झाकणं उघडून उघडून दिसंल तितं बोट लावायले, जीव लावून लावायले, त्यात खोटं न्हाई.

दसऱ्याच्या दुपारी मशीन सुरू करून बगते तर पडद्यावर चित्र झ्याक नाचायलंय आन् आवाज निस्ता कुजबुजल्यावानी. मालक भडकले. बाईचा हात लागला, विटाळ झाला, म्हणून मशीन मुकं झालं म्हणले. संध्याकाळच्या खेळाआधी बोललं न्हाई तर नवऱ्याला घिऊन तंबूतनं चालती हो म्हणले. आता आजारी माणसाला कुठं नेऊ वो मी? डोळ्याला पाणी आलं, पर राग त्याच्याहून मोठा.

म्हणलं, बसा मालक हितं, बगा. आम्प्लीफायरवर काचंच्या नळ्या आसतेत, पहिल्या नळीच्या टोपीला बोट लावलं, भोंगा घूंऽऽ करून बोंबलला. म्हंजी तितून पुढं सगळं धड. मग फिल्म काढली आन् दिव्याच्या उजेडात पुट्ठा हलवला. उजेड आडला-सुटला की भोंगा फटफट वाजाया पायजे, त्यो वाजला न वाजल्यासारखा. म्हंजी डोळ्यालाच दिसंना. झाकण काढलं, तर काचंवर ह्ये लालभडक बोट, जाड, तेलकट!

म्हणलं, ह्यो विटाळ कुणाचा वो मालक?

मी भक्तीनं लावलं गं, म्हणले. म्हणलं, मी बी भक्तीनंच चालवायले. पदरानं काच पुसली, पुट्ठा हलवला, भोंगा फटफट वाजला! आन् पदराला लागलेलं कुंकू तंबूतल्या समद्यादेखत माझ्या हातानं माझ्या कपाळाला लावलं.

नवरा काय त्या दुखण्यातनं उठला न्हाई. लई रडले. बायका जमल्या, कपाळ पूस म्हणल्या. म्हणलं, त्याच्या नावाचं पुसलं, ह्ये मशीनचं हाय, ह्येला कुणी हात लावायचा न्हाई. कामून लावतीस, आजून इचारतेत लोक. इचारू द्या. टाकीज मोडून जमाना झाला. ह्ये बगा, आज सकाळचंच हाय, वलं हाय आजून.