शेजारची मूर्ती

निप्पूर शहरात, पोर देणाऱ्या आणि लढाया घडवणाऱ्या इनान्ना देवीच्या देवळात रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक म्हातारी, आणि देवीपुढे आपल्या जागी उभी करायला घडवलेली, स्वतःसारखीच वीतभर दगडी मूर्ती कुशीत धरलेली एक नवी सून.

"आजी, तुमची मूर्ती?"

"आत उभी आहे, तीस वर्षं. माझ्या वतीनं हात जोडून. पोर मागायला ठेवली होती. तुझी?"

"त्याचसाठी. पण आत जागाच नाही. पुजारी म्हणतो, एक जुनी काढून जमिनीत पुरू, मग हिला ठेवू."

"कुठली काढणार?"

"एका शिपायाची. तिचा एक डोळा निखळलाय. कोणी बघायलाही येत नाही म्हणे."

"डोळा मीच काढला, पुसता पुसता."

"तुमचा कोण तो?"

"मुलगा. या देवीनंच दिलेला. लढाईला हिनंच नेला."

"राहू दे मग, आजी. मी माझी घरी ठेवते."

"घरी ठेवून पोर होतंय होय? ठेव तिथंच. फक्त पुजाऱ्याला सांग, त्याच्या शेजारची बाईही काढा, दोघांना एकाच खड्ड्यात पुरा."

"मग तुमच्यासाठी देवीपुढे कोण उभं राहणार?"

"मला काही मागायचं नाही आता. सरक पुढं, रांग हलली."