सुमननं नात मांडीवर घेतली
पाव्हणं मंडळी, आष्ट्यातल्या शेजाऱ्यांनो, वडूजास्नं आलेल्या सुमनच्या भावांनो, तुमी आलासा, आधार वाटला. फौजेत परेडवर लय ओरडलोय मी. आज माझ्या बायकोविषयी, सुमनविषयी, हळूच बोलतो.

आमचा पोरगा शाळंत होता तवा संधिवातानं सुमनची बोटं वाकडी झाली. सकाळी हात दगडागत व्हायचं. कोमट पाण्यात हात सोडून ती डोळं मिटून बसायची.

"काय बघतीस?"

"माहेरच्या हिरीत पोहतीया."

"तुमच्या वडूजला हिरीत पाणी कवा होतं?"

"आज हाय," म्हणायची. आन् हसायची.

वॉकर आणला. जाड मुठीचा चमचा आणला. आंघोळीला, वेणीला मदत कराय शालन म्हणून एक बाई रोज यायला लागली. सुमननं सगळं मानून घेतलं, पण वॉकरला शिव्या द्यायची, बरं का!

पुढं पोराचं लगीन झालं, मग नात झाली. आन् सुमन बाळाला हात लावंना. "माझ्या हातनं पडंल."

सून म्हणायची, "आत्याबाई, घ्या की."

ही तोंड फिरवायची. मग पाळण्याकडं नुसती बघत बसायची. मला ते बघवत न्हवतं. कुणाला बघवंल?

एका दुपारी शालननं तिला हाताच्या खुर्चीत बसवलं. दोन्ही कोपरांखाली उशा लावल्या, मांडीवर गोधडी घातली. म्हणाली, "काकी, बोटांचं काम न्हाई हितं. नुसतं बसा." सुनेनं बाळ गोधडीवर ठेवलं आन् शेजारीच टेकली.

सुमन श्वास धरून बसली. बाळानं तिचं वाकडं बोट मुठीत धरलं.

मी इचारलं, "दुखतंय का?"

"दुखतंय. काढू नका."

खिडकीतनं लिंबाची सावली दोघींवर हलत हुती. हळूहळू बाळाचा डोळा लागला, मग सुमनचा. घरात कुणी भांडं वाजवलं न्हाई. मला वाटलं, आता दोघी सपनात त्या माहेरच्या हिरीत पोहाय उतरल्या असतील.

त्यानंतर रोज दुपारी तसंच. पोरगी चालायला लागली ती आजीच्या वॉकरचा दांडा धरून. अंगणात दोघी फिरायच्या. वॉकरच्या शिव्या कवा बंद झाल्या, कळलंच न्हाई.

परवा सुमनच्या छातीत कफ दाटला. सांगलीला दवाखान्यात नेली. मला जवळ बोलावून म्हणाली, "पोरीची वेणी सैल घालाय सांगा, तिला ओढलेली आवडत न्हाई." मी व्हय म्हणालो. पहाटे गेली.

आता थोडं गप्प ऱ्हाऊया. आन् मंडळी, उठू नका. गुडघं दुखणारी लय माणसं हायत हितं. सुमननं कुणाला उभं ठेवलं नसतं. बसूनच तिची आठवण काढा.