तेल पिणारा देव

(पेडगाव. तेलविहिरींवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या दत्तरावांचा ओटा. समोर शेजारची सोनू, मांडीवर दत्तरावांनी तेलविहिरीवरून आणलेला लांबट गोल दगड. थोड्या वेळानं सोनूची आजी केवळाबाई येते.)

दत्तराव : आता डोळे मीट. समज, तू वाळूचा एक कण आहेस. नदीनं तुला आणून टाकलं. वर दुसरी वाळू, तिच्यावर गाळ, परत गाळ. तू खोल खोल चाललीस. काय वाटतंय?

सोनू : उद्या वर्गात समदे हसतील, असं वाटतंय. आबा, तुमी दिलेला पहिला दगड आजीनं लिंबाखालच्या देवांत मांडला. उचलू देत न्हाई. अन् ह्यो दुसरा पाणीच पीत न्हाई! मी सरांना सांगून बसले, दगड पाणी पितो, उद्या दाखवते म्हणून.

दत्तराव : डोळे उघडलेस का?

सोनू : मिटलेलेच हायेत. दोन्ही वालुकाश्मच ना? दिसायला तर जुळे. मग त्यो पितो अन् ह्यो का न्हाई?

केवळाबाई : सोने, शेरडं कोण सोडणार? भाऊजी, तुमीच समजवा हिला. बाकीच्या देवांवरनं तेल ओघळून जातं. तुमी दिलेला त्यो पितो. मग देव न्हाई तर काय?

दत्तराव : बसा वहिनी. बाकीचे आपले काळे दगड, लाव्हा थिजून झालेले. त्यांच्यात जागाच नाही. बरं, मला सांगा, डब्यात ज्वारी भरली अन् वर पाटा ठेवला, तर?

केवळाबाई : ज्वारीला काय व्हायचंय? दाण्याला दाणा टेकून ऱ्हाईल.

दत्तराव : अन् लाह्या भरल्या तर?

केवळाबाई : भुगा.

सोनू : म्हंजे ह्यो लाह्यांचा हाय?

दत्तराव : तसाच म्हण. यात मऊ कण जास्त. वरच्या ओझ्यानं ते चेपले अन् फटींत घुसले. काहींची तर खाली गेल्यावर चिकणमाती झाली. आजीच्या देवात गारगोटीचे कण जास्त. ते चेपत नाहीत, मधे जागा राहते.

सोनू : मग गारगोटीचे समदेच दगड पाणी पितात?

दत्तराव : तेही नाही. खाली लय गरम असतं. गारगोटी पाण्यात थोडी थोडी विरघळते अन् कणांवर पुन्हा जमते, पाकासारखी. फटी बुजून जातात.

केवळाबाई : माझा बरा न्हाई बुजला!

दत्तराव : त्याच्या कणांवर मातीचा पातळ लेप चढलेला आहे.

केवळाबाई : लाडू वळताना हाताला तूप लावतो तसा. मग पाक धरत न्हाई.

दत्तराव : अगदी तसा.

सोनू : आबा, जमिनीतलं तेल तळ्यात असतं ना?

दत्तराव : तळं कुठलं? अशाच दगडांत मुरलेलं असतं, फटीफटीत.

केवळाबाई : म्हंजे देवबिव काय न्हाई, असं म्हणा की सरळ.

दत्तराव : मी कुठं म्हणालो? आत जागा आहे, एवढंच म्हणालो.

सोनू : पण ह्या एकट्याला नेऊन दाखवू काय? दगड पाणी पीत न्हाई, हे शेरडालाबी ठावं हाय. दोन्ही पायजेत.

केवळाबाई : देव काय दप्तरात घालून न्यायचा असतो व्हय?

दत्तराव : अन् आता तो आतून तेलकट झालाय. पाणी पिईल का, सांगता येत नाही.

सोनू : मग तेलच पाजू.

केवळाबाई : कोण, तू? बिनआंघोळीची?

सोनू : तू पाज. देव ताटात घे, वरून फडकं टाक. तेलाची पळी तुझ्याच हातात. तू तुझ्यावर ओत, मी ह्या लाह्यांच्या दगडावर ओतते. मग सांगते समद्यांना, एक का पितो अन् एक का न्हाई.

केवळाबाई : मी? अगं, म्या जल्मात शाळेची पायरी चढले न्हाई.

सोनू : देव तरी कुठं चढलाय?

दत्तराव : वहिनी, हसायलात म्हणजे येणार तुम्ही.

केवळाबाई : बघू सकाळी. अगं सोने, शेरडं तिकडं हायेत, तू कुठं निघालीस?

सोनू : लिंबाखाली. उद्या लवकर उठायचंय म्हणून त्याला सांगून येते.