उंबराखालचं रान

मीना नदीच्या काठावर नव्या आराखड्यानं बांधकामबंदी येणार होती, म्हणून जुन्नरच्या कचेरीत हरकती द्यायला रांग लागली होती. वारूळवाडीच्या वृषालीनंही काठालाच प्लॉट घेतला होता. तिच्यापुढं गावातले सयाजीतात्या उभे होते. नातवाच्या दाखल्यासाठी आलेली मेंढपाळ तुकाबाई शेजारच्या बाकड्यावर बसली होती.

"तात्या, तुमी बी हरकत घेताय?" तुकाबाईनं विचारलं.

"मग काय करू? आमच्या पोराला, भरतला, नदीकाठी घर बांधायचंय. रान आमचं, अन् बांधायचं न्हाई म्हंत्यात."

"उंबराखालचं रान?"

"व्हय. लई झ्याक जागा हाय."

"आमची मेंढरं बसायची तिथं. एकदा पावसाळ्यात तुमच्या आबांनी सांजचं येऊन उठिवलं आमाला. म्हणले, वर चला, नदी पात्र सोडणार."

"आठवतंय मला. तुमी लई चिडला व्हता."

"शिव्या घातल्या मी त्यांस्नी. सकाळी बघते तर उंबराचा नुसता शेंडा पाण्यावर. अन् माझी लेकरं तुमच्या पडवीत निजल्याली."

तात्यांनी हातातला हरकतीचा अर्ज दुमडला.

"आता आबा न्हाईत, तात्या. भरतला कोण उठवंल?"

"वरच्या मळ्यात बांध म्हणावं त्याला. पर त्यो रुसंल."

"रुसू द्या की. मी बी रुसले व्हते."

तात्या रांगेतून बाहेर पडले.

"ताई, सरका म्होरं," मागचा माणूस म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," वृषाली म्हणाली आणि बाकड्यावर तुकाबाईशेजारी जाऊन बसली.