कुरडयांशेजारी वाळलेला पडदा

तुम्ही पाण्याच्या फिल्टरचा विषय काढलात आणि मला कुंडलची आमची आत्या आठवली.

नव्वदच्या दशकात मी सांगलीत एम.एस्सी. करत होतो. उन्हाळ्यात आत्याच्या माळवदावर प्रयोग मांडला. रंगाऱ्याकडचं लाल पाणी आणायचं, त्यात एक पांढरी पावडर घालायची. ऊन मिळालं की ती रंग खाऊन टाकते. मग बारीक पडद्यातून पाणी गाळून पावडर अडवायची. पडदा एकच, मुंबईहून मागवलेला. दोन दिवसांत तो लालभडक होऊन तुंबला. दुसऱ्या दिवशी सर बघायला येणार, आणि दुपारी बघतो तर पडदा गायब!

"आत्या, पडदा कुठाय?"

"त्यो व्हय? नुसता इसळला आन् कुरडयांशेजारी वाळत घातलाय. गाळणं उन्हात घालायचं असतं रं! इतका शिकलास, येवढं ठावं न्हाई?"

मी कपाळावर हात मारला. पण पडदा उचलला तर पांढराशुभ्र! चिकटून राहिलेल्या पावडरीनं उन्हात त्याच्यावरचा रंगही खाल्ला होता. बसवला, तर पाणी नव्यासारखं धावलं.

सर आले, पडदा कसा साफ झाला ते ऐकून खूश झाले, वही उघडून म्हणाले, "ऊन किती तास दिलंस?"

मी आत्याकडं बघितलं. आत्याच बोलली, "आवं सर, कुरडया वाळंस्तवर."

सरांनी तसंच लिहून घेतलं.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता माझे विद्यार्थी तेच विचारतात आणि मी तेच उत्तर देतो. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. त्यांच्या घरी कुरडया दुकानातून येतात.