बरा करून दे, मंग कापते

...आन् वर म्हनती कशी, ‘बरा करून दे!’ न्हाय, बरा करून देयाला आमचा कुंडलिक काय डाक्टर हाय का? वांगी पिकवनारा मानूस! कन्हेरी गावात पाटाच्या पान्यावर दीड एकर बागाईत, घरात बायको कौसल्या आन् म्हातारी आई मुक्ताबाई. ती तुळशीची माळ घालनारी, तिच्या चुलीला चाळीस वर्सांत बोंबलाचा वाससुदिक लागल्याला न्हाय... असल्या घरात कोंबडा! आता तुमीच सांगा, मानसानं करायचं काय?

झालं काय, तुमाला सांगतो, बारामतीच्या बाजारात वांगी टाकून गडी सायकलवरनं येत व्हता. सायकल नवी, गडी बी नवाच, म्होरचा बिरीक कुटला आन् मागचा कुटला ह्योच घोळ अजून मिटला नव्हता. पाटाच्या पुलाच्या उताराला सायकल लागली पळायला, आन् पुलाजवळच्या ठमाबाई म्हातारीच्या उकिरड्यावरनं तिचा तांबडा कोंबडा बरूबर चाकाम्होरं! कुंडलिकानं दोन्ही बिरीक दाबले, डोळं बी दाबले. उघडले तवा कुंडलिक घाणेरीच्या झुडपात, सायकल कुंडलिकावर, आन् कोंबडा एका पायावर हुबा ऱ्हाऊन शिव्या देतोय!

ठमाबाई पळत आली. कुंडलिकाला वाटलं, म्हातारी इचारंल, ‘लागलं का रं बाबा?’ म्हातारीनं इचारलं बी... कोंबड्याला!

‘मावशी, दुसरा आनून देतो.’

‘दुसरा चालायचा न्हाय! ह्यो नवसाचा हाय!’

नवस कशाचा? तर ठमाबाईच्या सुनंची दोन बाळंतपनं वाया गेलेली. तिसऱ्या खेपंला म्हातारीनं लक्ष्मीआईम्होरं पदर पसरला, पोर जगू दे, तुला कोंबडा देते. पोरगं जगलं. आता आखाडातल्या मंगळवारी नवस फेडायचा, आन् देवीला खोडाचं जनावर चालत न्हाय. म्हातारीनं कोंबडा कुंडलिकाच्या हातात ठिवला. ‘कुंडलिका, नातवाच्या जिवाशी हाय ह्ये. पाय तूच मोडलास, तूच बरा करून दे. मंग कापते.’

कोंबडा उपरन्यात गुंडाळून कुंडलिक निघाला, आन् डोक्यात भुंगा! बरा केला तर कोंबडा मरनार. न्हाय केला तर लेकराला इघ्न. मंग औशिद देयाचं ते जगवायला का मारायला? पुन्य लागंल का पाप? मानसानं करायचं काय?

घरी मुक्ताबाई दारात आडवी. ‘त्यो आत आला तर मी भायेर!’ कौसल्या म्हनली, ‘आत्याबाई, गोठ्यात मुंगूस येतंय, एका रातीत फडशा पाडंल.’ मंग म्हातारीनंच तोड काढली. सोप्यात डालग्याखाली झाकायचा, आन् कोंबडा ह्यो शबुद घरात काढायचा न्हाय. ‘पाव्हना’ म्हनायचं!

दुसऱ्या दिशी यष्टीनं सुप्याला, रावजी हाडवैदाकडं. लायनीत कुनाचा हात गळ्यात, कुनाचा पाय फळीवर. कुंडलिकाचा नंबर आला. रावजींनी इचारलं न्हाय, पुसलं न्हाय, कुंडलिकाचाच पाय धरला आन् असा काय पिळला...

‘आयाया! वैदबुवा, माजा न्हाय, ह्येचा!’

‘कोंबडा? अरं, रस्सा करायचा सोडून हितं आनलास?’

‘कापायचाय जी. म्हनून तर बरा करायचाय.’

‘डोस्क्याला बी लागलंय का तुज्या?’

पन मानूस गुनी. बांबूच्या कामट्या बांधल्या, चिंधी गुंडाळली, म्हनले, ‘वरनं रोज हळद आन् अंड्यातलं पांढरं लाव.’

अंडं! माळकऱ्याच्या घरी! कौसल्यानं ठमाबाईकडनंच पदराखाली झाकून आनलं, आन् कुंडलिक लेप लावत व्हता तवा म्हनती कशी, ‘अवो, ह्ये ह्येचंच लेकरू असलं म्हंजे?’

घ्या! कुंडलिकाचा हात तितंच थांबला. मानसानं करायचं काय?

आठ दिसांनी गडी मळ्यातनं आला तर काय बगतोय... म्हातारी डालगं उचलून, भिजवल्याली जवारी एकेक दाना भरवतीय! ‘खा रं पाव्हन्या. माजी सून हात राखूनच घालती.’

‘आई, तू?’

‘तर! मी पोथी वाचती तवा हुंकार देतो त्यो. तू दिलास का कंदी?’

आन् तिकडनं ठमाबाई रोज येनार. ‘पाय टेकला का? अंग धरलं का?’ एक म्हातारी मायेनं बगायची, एक मापानं बगायची, आन् मदी कुंडलिक लेप लावत बसल्याला. तीन आठवड्यांनी कामट्या सोडल्या. कोंबडा सोप्यातनं चालला, कसा? तर पाटलावानी! ठमाबाई म्हनली, ‘आई पावली गं!’ मुक्ताबाई उठून आत गेली. त्या दिशी ती जेवली न्हाय.

मंगळवार उजाडला. ठमाबाई आली, हातात हळदीकुंकवाचं ताट, मागं सून, सुनंच्या कडंवर पोरगं. कुंडलिकानं डालगं उचललं, आन्... कोंबड्याच्या गळ्यात तुळशीची माळ!

‘ह्ये काय गं मुक्ते?’

‘माळ घातलीया त्यानं.’

‘कोंबड्यानं?’

‘तीन आठवडं माज्या घरचं अन्न खाल्लंय. किडामुंगीला शिवला न्हाय. काप आता माळकऱ्याला!’

तेवढ्यात माळकऱ्यानं अंगनात उकरून एक टपोरा किडा काढला आन् गिळला. समद्यांनी बगितलं.

ठमाबाई ताट खाली ठिवून बसली. रडायलाच लागली. ‘तुजं खरं असंल बाई. पन माज्या पोराला काय झालं तर?’

मुक्ताबाईचं त्वांडच उतरलं. ह्ये तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! दोघी मिळून बगत्यात कुनाकडं? तर कुंडलिकाकडं! ‘तू सांग!’ एकीचं खरं म्हनावं तर दुसरीचं खोटं व्हईना!

मंग मुक्ताबाई सोताच उठली. पोरगं उराशी धरलं, त्याच्या टाळूवर हात ठिवला आन् देवळाकडं त्वांड करून म्हनली, ‘आई, कोंबडा मी आडिवला. राग असंल तर माज्यावर काढ. माजी सत्तरी झाली. ह्याला हात लावू नगंस.’

ठमाबाई उठली. डोळं पुसलं. कोंबड्याला घेऊन देवळात गेली, त्याच्या तुऱ्याला कुंकू लावलं आन् म्हनली, ‘आई, तुज्या नावानं सोडला.’

पोरगं खुशाल हाय, रांगतंय आता. म्हाताऱ्या एका पाटीतनं शेंगा फोडत बसत्यात. आन् देवीनं काय म्हनलं ठाव न्हाय, पन कोंबडा त्याच दिशी चालत कुंडलिकाच्या घरी आला! आता देवीचा हाय, म्हनून मारता येत न्हाय. माळकरी हाय, म्हनून इकता येत न्हाय. वांग्याच्या रोपांत घुसून कवळं शेंडं खातोय, आन् कुंडलिक बांधावर हात जोडून हुबा...

‘पाव्हनं, झालं असंल तर जरा पल्याडच्या वाफ्यात बी जावा की. ते भावकीचं हाय!’