धरण क्रमांक दोनच्या पायथ्याची भाजी

मी, नामे ओनोफ्रे तेओदोरो दा क्रूझ, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी (धरणावरील देखरेख कामगार), राहणार कोर्रेगो दा लाजे, मिनास जेराइस, आज ता. १४ ऑक्टोबर रोजी सकाळी साडेनऊ वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. आता तो पत्ता फक्त कागदावर आहे. सध्या मुक्काम शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, गादी क्रमांक २७. लग्न केलेले नाही. माझी थोरली बहीण दिर्से, वय ६१, विधवा, माझ्या घराच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी राहत होती. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, तिनेच मला वाढवले. माझा दुपारचा डबाही तीच द्यायची. ती अजून सापडलेली नाही, तरी 'राहत होती' असेच तोंडून आले, ते तसेच राहू द्यावे.

धरण क्रमांक दोन हे खाण कंपनीच्या खाजगी मालकीचे आहे. लोहखनिज धुतल्यावर उरणारा पातळ गाळ त्यात सोडतात. बांध मातीचा, उंची ४८ मीटर. मी तिथे चौदा वर्षे कामाला आहे. बांध चालून पाहणे, बांधात पुरलेल्या नळ्यांतली पाण्याची पातळी मोजणे, तपासणीच्या यादीवर खुणा करणे आणि गवत कापणे ही माझी कामे. गवत वीतभरापेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही, असा नियम आहे.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये इंजिनिअर वाल्मोर साहेब धरण तपासायला येतात. त्यांना कंपनीनेच नेमलेले आहे. ते शेरा देतात आणि तो फाटकावरच्या पाटीवर लिहिला जातो. पाटीवर दोन ओळी आहेत. पहिली, धोका: कमी. दुसरी, नुकसान: मोठे.

दोन वर्षांपूर्वी दिर्सेने डबा आणला तेव्हा ती पाटी वाचली आणि मला विचारले, "धोका कमी, तर मग नुकसान मोठं कसं रे?" मला साहेबांनी सांगितले होते तसे मी तिला सांगितले. धरण फुटायची शक्यता कमी, पण फुटलेच तर खाली वस्ती आहे, म्हणून नुकसान मोठे. ती म्हणाली, "म्हणजे नुकसान म्हणजे आम्ही." मी म्हणालो, "ताई, तू वरची ओळ वाच." त्या वर्षी तिची मुलगी तिला शहरात न्यायला आली होती. दिर्सेने तिला हीच वरची ओळ वाचून दाखवली आणि परत पाठवले. ती मुलगी आता हॉलमध्ये गादी क्रमांक २८ वर आहे. आम्ही दोघे फारसे बोलत नाही.

आमच्याकडे मे ते सप्टेंबर पाऊस नसतो. बांधाचे गवत वाळून पिवळे होते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पायथ्याच्या डाव्या बाजूला मला तायोबा उगवलेली दिसली. तायोबा ही अळूच्या जातीची भाजी. पाने सुपाएवढी होतात. एरवी ती ओढ्याच्या काठीच येते. मी ती कापून दिर्सेला दिली. चार जुड्या झाल्या. पुढच्या वर्षी अकरा झाल्या. यंदा चौतीस. मी हे आकडे कुठेही लिहिले नाहीत, पण कोणाच्या घरी किती दिल्या ते लक्षात आहे, त्यावरून सांगतो.

यंदा दिर्सेने त्यातले दोन कंद आपल्या परसात लावले. ते वाळून गेले. तेव्हा ती मला म्हणाली, "तायोबाला पाण्यात पाय लागतात, आई ती ओढ्यातूनच आणायची. तुझ्या धरणाखाली ऑगस्टात पाणी कुठून येतं?" मी म्हणालो, "उभं राहून राहून धरणालाही घाम येतो, तुझ्यासारखा." ती हसली. मग म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नकोस. साहेबांच्या कानावर घाल." मी घालतो म्हणालो.

साहेबांची तपासणी ता. १९ सप्टेंबरला होती. पाहुणा यायचा म्हटले की आमच्याकडे अंगण मातीपर्यंत झाडतात, एक पान राहू देत नाहीत. आईची शिकवण तीच. म्हणून ता. १७ व १८ रोजी मी पायथा पूर्ण साफ केला. आधी तायोबा कापली, मग गवत. ओली जागा दिसायला वाईट दिसत होती, म्हणून तिच्यावर वाळलेले गवत पसरले. हे मला कोणीही करायला सांगितले नव्हते. लपवावे असे मनात नव्हते. घर नीट दिसावे एवढेच होते. जुड्या अकरा घरांत वाटल्या. लोक खूश झाले.

ता. १९ रोजी साहेबांनी वरून बांध चालून पाहिला, पायथ्याचे फोटो काढले आणि धरण ठेवावे तर असे, असे म्हणाले. मला बरे वाटले, हे कबूल करतो. दुपारी ते दिर्सेकडे जेवले. दरवेळी तिथेच जेवतात. भात, मक्याची उकड, डुकराचे मांस आणि तायोबा असे जेवण होते. त्यांनी विचारले, "ऐन कोरड्या दिवसांत इतकी कोवळी भाजी कुठून आणता, बाई?" दिर्सेने माझ्याकडे पाहिले. मी साहेबांना उकड वाढली. मग ती म्हणाली, "तुमच्याच धरणाची आहे, साहेब. पायथ्याला येते." साहेब म्हणाले, "मग धरणाचा काहीतरी उपयोग आहे म्हणायचा." त्यांनी भाजी दोनदा वाढून घेतली. शेरा तोच राहिला. धोका: कमी.

ता. ८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मी फाटकाजवळच्या चौकीत होतो. डबा उघडला नव्हता. बांधाची डावी बाजू खाली बसताना दिसली. आवाज नंतर आला. मी भोंग्याचे बटण दाबले, भोंगा वाजला. मग दिर्सेला फोन केला. फोनवर ४१ सेकंदांची नोंद आहे. मी म्हणालो, "ताई, टेकडीवर पळ." ती म्हणाली, "अरे, भोंग्याची चाचणी असेल. भात गॅसवर आहे. तूच तर म्हणाला होतास, धोका कमी." मी म्हणालो, "मी सांगतो ते ऐक, पळ." ती म्हणाली, "बरं, गॅस बंद करते." त्यापुढे फोनवर आवाज होता, बोलणे नव्हते.

तिच्या अंगावर काय होते ते मला सांगता येणार नाही. सकाळी डबा घेताना मी पाहिले नाही. डबा माझ्याकडे आहे, तो जमा करायचा असल्यास आणून देतो. लेखनिक बाईंनी रडायचे असेल तर थांबू असे सांगितले. थांबण्याची गरज पडली नाही. रडू यायला हवे हे मला कळते.

ता. ११ रोजी कंपनीचे वकील हॉलमध्ये भेटले. गवत कापणे नियमातच बसते, विचारले तेवढेच सांगा, असे ते म्हणाले. ते खरेच आहे, गवत नियमातच बसते. ता. १९ सप्टेंबरच्या यादीत नववा रकाना 'पायथ्याशी ओल', म्हणजे बांधातून पाणी झिरपते का, असा आहे. त्यापुढे 'नाही' या शब्दावर केलेली खूण माझी आहे, खालची सही माझी आहे. ओल होती. ती मी कापली आणि आम्ही सर्वांनी खाल्ली.

लेखनिक बाईंनी हे सगळे मला दोन वेळा मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या वाचनात 'झाडझुडूप' लिहिले होते, तिथे मी 'तायोबा' करून घेतले. बाकी मी बोललो तसेच आहे. कोणाच्या धाकाने बोललो नाही. सही करतो.

ओनोफ्रे तेओदोरो दा क्रूझ